राजधानींत पाहण्यासारखें काय?

आमची मुलगी व जांवई २०२२ सालापासून दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या राजधानींत, म्हणजे लीमा शहरीं, राहतात. जांवयांची नोकरी खाणींतील यंत्रांसंबंधीची आहे, एवढेंच आम्हांस समजतें. अधिक समजून घेण्याचा प्रयत्न आम्हीं केलेला नाहीं. २०२४ च्या आश्विनांत मुलगी अकरा वर्षांच्या नातवाला घेऊन वाशिमास माहेरपणाला आली. तिकडील शाळा मार्चमध्यें सुरू होते व डिसेंबरांत संपते, त्यामुळें चिरंजीवांना शाळेची रजा काढावी लागली. जन्मभर विद्यार्थ्यांच्या रजेच्या अर्जांकडे संशयाने पाहण्यांत ज्याचा काळ गेला, त्याला या रजेबद्दल मात्र कसलाही संशय आला नाहीं, हें कबूल करावयास हवें.

घटस्थापनेच्या दिवशीं संध्याकाळीं नातवानें आपल्या राजधानीचीं चित्रें आम्हांला दाखविण्यास आरंभ केला. लीमा शहर पिझारो नांवाच्या स्पॅनिश सरदारानें १५३५ सालीं वसविलें आणि त्याला 'राजांचें शहर' असें नांव दिलें. तेथें ऑक्टोबर महिन्यांत एक प्रचंड मिरवणूक निघते. मूळ चित्र येशूचें. तें अंगोला देशाहून आणलेल्या एका गुलामानें १६५१ सालीं मातीच्या भिंतीवर काढलें. चारच वर्षांनीं भूकंप झाला, आसपासचें सर्व पडलें, पण ती भिंत तशीच उभी राहिली. तेव्हांपासून लोकांची श्रद्धा जडली. आतां त्या चित्राची प्रतिकृति खांद्यांवरून वाहतात व हजारों माणसें जांभळे कपडे घालून मागें चालतात. आमच्या सौभाग्यवती चष्मा सांवरून पाहत होत्या. "अगदीं पालखीच कीं हो! रंग तेवढा जांभळा," असें म्हणून त्यांनीं पडद्यावरील देवाला हात जोडले. आम्ही कांहीं बोललों नाहीं. गुलामाच्या हातचा देव सगळ्या राजधानीनें खांद्यावर घ्यावा, ही गोष्ट मनांत घोळत राहिली.

त्यानंतर जें चित्र निघालें, त्यानें मात्र आमची झोंप उडविली. लीमाच्या मध्यवस्तींत, मिराफ्लोरेस नांवाच्या भागांत, चारी बाजूंनीं इमारती आणि मध्यें मातीच्या कच्च्या विटांचा एक डोंगर आहे. त्याला हुआका पुक्लाना म्हणतात. स्पॅनिश लोक येण्याच्या पुष्कळच आधीं, इसवी सनाच्या तिसऱ्या ते सातव्या शतकांच्या सुमारास, तेथील मूळच्या लोकांनीं हें देवस्थान रचलें. गंमत अशी, कीं विटा आडव्या न ठेवतां उभ्या ठेवलेल्या आहेत आणि दोन विटांमध्यें किंचित् फट आहे. भूकंपांत धक्का बसला म्हणजे विटा जागच्या जागीं हलतात, पण कोसळत नाहींत. "आजोबा, तुमच्या कपाटांतल्या पुस्तकांसारख्या दिसतात ना?" नातू म्हणाला. त्याची शाळा त्या मुलांना घेऊन तेथें गेली होती. दोरी लावलेली असते, हात लावूं देत नाहींत. मग त्यानें सहज विचारलें, "तुम्ही नेहमीं सांगतां वाशीम राजधानी होती म्हणून. मग इथें पाहण्यासारखें काय आहे?"

वाचकांपैकीं ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. वाशीम म्हणजे जुनें वत्सगुल्म. वाकाटक सम्राट् पहिला प्रवरसेन याच्या मागें राज्याच्या शाखा झाल्या. त्यांपैकीं सर्वसेनानें आपली गादी येथें मांडली. हा सर्वसेन स्वतः कवि; त्याच्या 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा उल्लेख आनंदवर्धनासारखा साक्षेपी टीकाकार करतो, काव्य मात्र लुप्त झालें. याच वंशांत पुढें हरिषेण झाला. त्याचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. राजशेखरानें तर काव्यमीमांसेंत काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशीं विवाह वत्सगुल्मांतच लावून दिला आहे. आम्ही ही कथा वर्गांत सांगत असूं तेव्हां मुलें हंसत, आमच्या सौभाग्यवती एकदां म्हणाल्या, "लग्न इथें लागलें खरें, पण नांदायला ती पुण्याला गेली!" यावर आम्हांला उत्तर सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातवाचें बोट धरून आम्ही राजधानी दाखवावयास निघालों. बोट धरून हें आमच्या बाजूनें; त्यानें तें रस्ता ओलांडतांच सोडविलें. प्रथम पद्मतीर्थ. वत्स ऋषींनीं येथें तप केलें, त्यांच्या आश्रमाभोंवतीं देवांचा समुदाय, म्हणजे गुल्म, जमला आणि म्हणून वत्सगुल्म, अशी माहात्म्यांतील कथा. कामसूत्राचा टीकाकार निराळेंच सांगतो: वत्स आणि गुल्म असे दोन राजपुत्र होते. नातवानें दोन्हीं ऐकून घेतलीं आणि "यांतलें खरें कोणतें?" असें विचारलें. आम्ही म्हणालों, "दोन्हीं फार जुनीं आहेत." हें उत्तर शिक्षकाला शोभणारें नव्हतें. मग बालाजीचें देऊळ; नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यांतील साबाजीचे दिवाण भवानी काळू यांनीं तें अठराव्या शतकांत बांधलें. मूर्ति मोंगलांच्या भयानें जमिनींत पुरून ठेवल्या होत्या व पुढें सांपडल्या, असें येथील वृद्ध सांगत आले आहेत. नवरात्राची गर्दी होती. फुलांच्या पाट्या, चुरमुऱ्यांचे ढीग, खेड्यांतून आलेले लोक, आणि सर्वत्र तें एक प्रकारचें गोड धुळकट वातावरण. उत्सवाच्या बाबतींत लीमापेक्षां आम्ही कमी पडलों नाहीं, एवढें नातवाच्या तोंडावर दिसलें.

मध्यमेश्वराच्या देवळापाशीं मात्र आमची परीक्षा झाली. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी पृथ्वीची मध्यरेखा वत्सगुल्मावरून जाते असें भास्कराचार्यांनीं करणकुतूहलांत म्हटलें आहे. त्याच ओळींत उज्जयिनी व कुरुक्षेत्र हींही आहेत. ही रेखा म्हणजे आपलें जुनें ग्रीनिच. आम्ही हें मोठ्या आवेशानें सांगितलें. चिरंजीवांनीं खिशांतून आईचा फोन काढला, कांहीं खटपट केली आणि म्हणाले, "आजोबा, उज्जैन पंचाहत्तर अंश सेहेचाळीस कला. वाशीम सत्याहत्तर अंश आठ कला. एका रेषेवर नाहींत. भास्कराचार्य चुकले."

क्षणभर राग आला. नंतर तेथेंच पायरीवर बसून आम्हीं हिशेब केला. अंतर एक अंश बावीस कलांचें. एका अंशाला चार मिनिटें, म्हणजे साडेपांच मिनिटें झालीं. आपल्या जुन्या मापानें सुमारें चौदा पळें. दोन गांवांच्या मध्यान्हांतील एवढा फरक जाणावयाचा, तर त्या काळीं एकच ग्रहण दोन्हीं ठिकाणीं पाहून पाण्याच्या घटिकापात्रानें वेळ मोजावी लागे, नाहीं तर प्रवाशांच्या मुक्कामांवरून अंतर धरावें लागे. त्या साधनांनीं चौदा पळें चुकलीं. "म्हणजे फार नाहीं चुकले," नातू म्हणाला. त्याच्या या निवाड्यानें आम्हांला जेवढा आनंद झाला, तेवढा 'चुकले नाहींत' असें तो म्हणता तरी झाला नसता.

"आतां राजवाडा," तो म्हणाला.

राजवाडा नाहीं. तट नाहीं, वेस नाहीं, सिंहासनाची जागा नाहीं. वत्सगुल्माचें राजधानीपण ओळखावयाचें तें ताम्रपटांवरून. १९३९ सालीं वाशिमास तांब्याचे चार पत्रे सांपडले. महामहोपाध्याय मिराशी व महाजन यांनीं ते वाचले. विंध्यशक्ति नांवाच्या राजानें आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षीं वत्सगुल्माहून काढलेलें तें दानपत्र निघालें. वंशावळ संस्कृतांत, बाकीचा बराचसा व्यवहार प्राकृतांत. दान अथर्ववेदी ब्राह्मणांना. तोंवर ही शाखाच कोणास धड ठाऊक नव्हती. पुढें जवळच्या हिस्से-बोराळ्याला देवसेनाच्या काळचा एक शिलालेख मिळाला. शक ३८०, म्हणजे इसवी सन ४५८, आणि त्यांत सुदर्शन नांवाचें तळें बांधल्याची नोंद. राजधानी अशी तुकड्यांतुकड्यांनीं परत मिळते. बाकी आमच्या गांवाला पद जाण्याची संवयच आहे. इंग्रजी अमलांत जिल्ह्याचें ठाणें होतें, तें १९०५ सालीं गेलें आणि १ जुलै १९९८ ला पुनः मिळालें.

हें सर्व त्याला सांगतां सांगतां आम्ही थांबलों. कारण विटेची गोष्ट आम्हीं आजवर कोणालाही सांगितली नव्हती.

१९८६ सालचा पावसाळा. आम्हांस नोकरी लागून चार वर्षें झालीं होतीं. आम्ही मॅट्रिक, त्यापुढें पाठशाळेंत काय मिळविलें तेंच भांडवल, आणि त्याचा ताठाही होता. आठवीच्या वर्गांत रूपें म्हणवून घेत असतां एक शेतकऱ्याचा मुलगा उशिरां आला. खांद्यावर गोणपाट, त्यांत एक वीट. वीट साधी नव्हे, दोन विती भरेल एवढी लांब. "गुरुजी, आमच्या वावरांत निघाली, तुम्ही जुन्या राजाचं सांगता म्हणून आणली," असें तो म्हणाला. तो पांच मैल चिखल तुडवीत आला होता आणि तो चिखल वर्गभर झाला होता. आम्ही म्हणालों, "ही शाळा आहे, वीटभट्टी नव्हे." सगळा वर्ग हंसला. मुलानें वीट बाहेर निंबाखालीं नेऊन ठेवली. पुढें ती पाण्याच्या माठाखालीं गेली, तेथून फुटून बागेच्या वाफ्याच्या कडेला गेली, आणि मग कोठें गेली हें आम्हीं पाहिलें नाहीं. आठ-दहा वर्षांनीं मिराशींचें वाकाटकांवरील मराठी पुस्तक नीट वाचावयास घेतलें, तेव्हां ते चार पत्रे कोणीं मोडींत घातले असते तर, हा विचार मनांत आला आणि त्याच्या पाठोपाठ ती वीट. दुसऱ्या दिवशीं निंबाखालीं जाऊन पाहिलें. निंबही नव्हता, तेथें नवी खोली उभी होती.

नातवानें सर्व ऐकलें. "तुम्ही त्याला सॉरी म्हणालां का?" एवढेंच विचारलें.

योग असा, कीं दसऱ्याच्या संध्याकाळीं बालाजीच्या दारांत गर्दींतून एक पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ वांकून पायां पडला. "गुरुजी, वयखलं काय मले?" आम्हीं ओळखलें. अडतीस वर्षांनीं, सोनें हातांत देऊन, आम्हीं त्या विटेबद्दल त्याची क्षमा मागितली. त्याला वीट आठवेना! बराच वेळ आठवून तो म्हणाला, "हो, अशा इटा तं लय निंगाल्या होत्या. हीर खोदली तवा. बाबानं गोठ्याच्या पायात भरल्या." आम्हीं जें ओझें एवढीं वर्षें वाहिलें, तें त्याच्या ध्यानींमनींही नव्हतें. मात्र निघतांना तो म्हणाला, "वर्ग हासला होता, तेवढं ध्यानात हाय."

दुसऱ्याच दिवशीं तो स्वतः गाडी घेऊन आम्हां आजानातवांना नेण्यास आला. गांवाचें नांव येथें मुद्दाम देत नाहीं. गोठ्याच्या पायाचा एक कोपरा उघडा पडला होता. तेथें चार विटा दिसत होत्या, आणि एक घरांत रांजणाखालीं. नातू गुडघे टेंकून बसला, वीत लावून त्यानें मोजली, कडेवर बोटांचा एक ठसा होता त्यावर आपलें बोट ठेवून पाहिलें. येथें दोरी नव्हती. घरधन्यानें रांजण उचलून वीट पुसली आणि आमच्यापुढें धरली. "न्या, गुरुजी. तवा तुमी घेतली नाही, आता घ्या."

मोह फार झाला. परंतु ती घरीं नेऊन आम्ही काय करणार? कपाटावर ठेवूं, आमच्यामागें ती पुनः माठाखालीं जाईल. वीट वाकाटकांच्या काळची आहे कीं चार पिढ्यांपूर्वींच्या एखाद्या वाड्याची, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं. मॅट्रिकच्या संस्कृतानें वीट वाचतां येत नाहीं. आम्ही म्हणालों, नागपुरास पुरातत्त्व खात्याला पत्र लिहितों, त्यांचा माणूस येऊन जागेवर पाहील. हें ऐकतांच त्याचा चेहरा उतरला. त्यानें वीट खालीं ठेवली. त्याची बायको दाराशीं आली. "गुरुजी, कागद लेहला तं वावर तं नाही ना जाणार?"

जमीन किती, असें आम्हीं विचारलें. साडेतीन एकर. दोन मुली लग्नाच्या, मुलगा अकरावींत. विहीर तीच, जिच्यांतून विटा निघाल्या.

जाणार नाहीं, असें तोंडांतून निघणार होतें. पण कायदा आम्हांस ठाऊक नाहीं, आणि एकदां या माणसाला आम्हीं न पाहतां उत्तर दिलेलें आहे. तेव्हां म्हणालों, "मी वकिलाला विचारतों. तुझ्या होकाराशिवाय पत्र टाकणार नाहीं." तो म्हणाला, दिवाळी होऊं द्या, सोयाबीन विकूं द्या, मग सांगतो.

मुलगी व नातू कोजागिरीनंतर लीमास परत गेले. आम्ही वकिलास भेटलों. त्यांनीं अर्धा तास बोलून जें सांगितलें, त्यांतून निश्चित होय कीं नाहीं तें निघालें नाहीं. पत्र लिहून तयार आहे, पाकिटावर पत्ता आहे, तिकीट लावलेलें आहे. तें काव्यमीमांसेच्या प्रतींत ठेवलें आहे. सोयाबीन विकलें गेलें. भाव पडेल होता असें कळतें. नातू दर रविवारीं रात्रीं फोन करतो. तिकडे तेव्हां सकाळ असते. पहिला प्रश्न आजीची तब्येत कशी आहे, आणि दुसरा, "काका हो म्हणाले का?"

काल येथें अवकाळी पाऊस झाला. गोठ्याचा तो उघडा कोपरा झांकला असेल कीं नाहीं, हें विचारावयास उद्यां जाणार आहों.