एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर!

अहो, थांबा! हातातलं काम ठेवा बाजूला! एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की त्याचं बरोब्बर एक लिटर पाणी होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं? बरोब्बर एक! मी पन्नाशीला टेकलो आणि मला हे काल कळलं, तेही नववीतल्या भाचीकडून!

झालं काय, पुण्याला ताईकडे गेलो होतो. बघतो तर भाची मोरीतल्या गळक्या नळाखाली मापाचं भांडं लावून घड्याळाकडे टक लावून बसलेली! म्हटलं, हे काय गं? तर म्हणे, "मामा, जलसुरक्षेचा प्रकल्प!" नववी-दहावीला चक्क असा विषयच आहे हो! आमच्या वेळी 'झाडे लावा, झाडे जगवा'चं एक चित्र काढलं की संपलं, आणि तेसुद्धा आई रंगवायची! शाळेत पर्यावरण सक्तीनं शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सांगितलं ते 1991च्या नोव्हेंबरात. मी दहावी झालो त्याच वर्षीच्या मार्चमध्ये! थोडक्यात हुकलं!

तर, तासाभरात भांड्यात अर्धा लिटर! नुसतं टप टप, आणि अर्धा लिटर! आणि मग तिनं वहीत मांडलं, दिवसाला 12 लिटर, आणि मग वर्षाला 4380, आणि मग माझा चहा निवला, आणि मग आम्ही दोघं टेप घेऊन गच्चीवर पळालो, आणि मग गच्ची भरली 10 मीटर बाय 6 मीटर, आणि मग वर्षाचा पाऊस साधारण 700 मिलिमीटर धरला तर किती? 42,000 लिटर! एका गच्चीवर! "सगळं हाती नाही लागत मामा, थोडं उडून जातं," ती समजुतीनं म्हणाली. पण मी कुठला ऐकतोय!

मी कुणी तज्ज्ञ नाही. माझं गणित कच्चं, भूगोल त्याहून कच्चा. पण 'पाणी वाचवा' मी जन्मभर ऐकलं आणि नळ गळू दिला. तिनं तासभर मोजलं आणि संध्याकाळी ताईच्या मागे लागून नवं वायसर बसवून घेतलं!

आता तुमची पाळी. आज रात्री नळाखाली भांडं ठेवा, आणि हिशोब घरातल्या नववीवाल्याला करू द्या!