कागल ते माणगाव : आमच्या मुलांची सहल आणि विहारातला डबा

राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीच्या आधीच्या रविवारी आम्ही कोल्हापुरातल्या आमच्या वस्तीतील दहावी पास झालेल्या अकरा मुलामुलींना घेऊन कागलला गेलो. सोबत महिला मंडळाच्या चौघीजणी होत्या. मुलांच्या पाठीवर दप्तरांऐवजी शिदोरी होती, भाकरी, खर्डा आणि कांदा.

या सहलीमागची हकिगत अशी. आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक पत्र्याचा डबा फिरतो. धुणीभांडी करणाऱ्या बाया, फौंड्रीतले कामगार, रिक्षावाले, ज्याला जसे जमेल तसे दहा-वीस रुपये त्यात टाकतात. वर्षाकाठी जमेल त्या पैशातून दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार होतो. शाल, मानचिन्ह, फोटो आणि भाषणे. मानचिन्ह मग कपाटावर धूळ खात पडते. यंदा महिला मंडळानेच विचार मांडला की, मुलांच्या हाती काच देण्यापेक्षा त्यांच्या डोळ्यांना आपला इतिहास दाखवू या. सर्वांना तो पटला.

कोल्हापूरपासून कागल वीसेक किलोमीटर. पुणे-बंगळूर महामार्गावरचे हे गाव. पुढे थोड्याच अंतरावर कर्नाटक सुरू होते. एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूला ऊस दिसत होता. नुकताच पाऊस पडून गेलेला, त्यामुळे शेतातल्या मातीचा वास गाडीत येत होता.

कागल म्हणजे घाटग्यांची जहागीर. शाहू महाराजांचे मूळ नाव यशवंतराव. कागलचे जहागीरदार जयसिंगराव घाटगे यांचे ते पुत्र. जन्म २६ जून १८७४ चा. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, तेव्हा वयाची दहा वर्षेही पुरी झाली नव्हती. हे ऐकून आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आमच्या चौथीतल्या पोराएवढा राजा!" सगळे हसले. पण याच राजाने २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून आपल्या मुलांना सर्वांबरोबर एका वर्गात बसवण्याचा हुकूम काढला. हे सांगितल्यावर कुणी हसले नाही.

गैबी चौकातून हिंडून आम्ही एका झाडाखाली शिदोरी सोडली. कागलचे आणखी एक नाव मुलांना सांगायचे होते, ते लेखक आनंद यादव यांचे. त्यांचा जन्म १९३५ साली इथलाच. गरीब शेतकऱ्याचे पोर. घरच्यांना ते शेतात राबायला हवे होते, आणि पोराला शाळा हवी होती. ती सारी झटापट त्यांनी 'झोंबी' या पुस्तकात मांडली. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला.

"म्हणजे आमच्यासारखंच की," एक मुलगी हळूच बोलली आणि भाकरी हातातच धरून बसली. आमच्या वस्तीत यंदा सर्वांत जास्त गुण तिचेच, ८४ टक्के.

मंडळाच्या एका बाईंनी विचारले, "का गं, अकरावीला कुठं नाव घातलंस?"

"नाही घातलं, मावशी. पप्पांचं काम बंद आहे. पुढल्या सोमवारपास्नं एका दुकानात जायाचं ठरलंय."

सकाळपासून ती आमच्याबरोबर हसत-खेळत होती. एका गल्लीत राहून आम्हाला याचा पत्ता नव्हता. ज्या मुलीच्या यशासाठी आम्ही सहल काढली, तिचे शिक्षणच थांबले होते. आम्हाला आमचीच लाज वाटली.

दुपारी वडापची गाडी ठरवून माणगाव गाठले. आज हे गाव हातकणंगले तालुक्यात आहे, पण त्या काळी ते कागल जहागिरीत होते. २१ व २२ मार्च १९२० रोजी इथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते २८ वर्षांचे भीमराव आंबेडकर. शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी लोकांना सांगितले. परिषदेची जागा स्मारक म्हणून जपलेली आहे. तिथे आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले आणि मुलांना गोल करून बसवले.

बाबासाहेबांच्या शाळकरी वयातली गोष्ट सांगितली. त्यांच्या यशाबद्दल समाजाने सभा घ्यायचे ठरवले, तेव्हा वडील रामजी सुभेदार आधी तयारच नव्हते. पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. दादा केळुसकरांनी त्यांची समजूत घातली आणि सभेत आपण लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती दिले. एका सत्कारात दिलेले एक पुस्तक, आणि त्याची वाट पुढे १९५६ साली दीक्षाभूमीवर पोहोचली.

मग पैशाची गोष्ट निघाली. 'मूकनायक' पत्रासाठी शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. माणगाव परिषदेनंतर थोड्याच महिन्यांत बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला निघाले, तेव्हा त्यांनी आपले मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले.

"बाबासाहेबांनाबी उसनं घ्यावं लागलं?" त्या मुलीने विचारले. होय म्हटल्यावर ती गप्प झाली.

परतताना रंकाळ्यावर भेळ खायचे आधीच ठरले होते. तेवढ्यात मागच्या सीटवर मुलांची कुजबुज झाली आणि एकाने सांगितले, "मावशी, भेळ नको. ते पैसे हिच्या फीला धरा." दुसरा म्हणाला, "तीन पुडे तरी घेऊ या, सगळ्यांत वाटून खाऊ." तसेच झाले. अकरा मुलांनी तीन पुडे भेळ खाल्ली.

मुलीने मात्र एक अट घातली. "मदत म्हणून नको. वहीत उसने म्हणून लिहा. नोकरी लागली की डब्यात टाकीन." वहीत तसेच लिहिले.

त्याच रात्री आम्ही तिच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "कुणापुढं हात पसरायची सवय नाही, म्हणून बोललो नाही." आम्ही त्यांना म्हटले, "डब्यात तुमचेही पैसे आहेत. दहा वर्षे तुम्ही टाकताय. हात पसरणं कसलं ते?" त्यावर ते काही बोलले नाहीत. पण सोमवारी मुलगी दुकानात गेली नाही. कागदपत्रे घेऊन बापलेक कॉलेजात गेले.

डबा पुरता रिकामा झाला. एका डब्याने दोन वर्षे निघणार नाहीत, हे आम्ही जाणतो. म्हणून वाचक बंधू-भगिनींना सांगणे आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४४ साली सुरू झाली. बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. इतक्या कष्टाने मिळालेला हक्क केवळ जातीचा नि उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढला नाही म्हणून वाया जाऊ देऊ नका. निकालाची वाट न बघता दहावीच्या वर्षातच दाखले काढून ठेवा. मुलींसाठी शासकीय वसतिगृहाची चौकशी करा.

आणि सत्काराच्या दिवशी मुलाला किती गुण पडले, हे विचारून थांबू नका. पुढे कुठं नाव घातलं, हेही विचारा. आम्ही ते विचारले कागलच्या एका झाडाखाली, तेही योगायोगाने. पुढल्या वर्षीपासून निकालाच्या दिवशीच, घरोघरी जाऊन विचारणार आहोत.

येत्या रविवारी वंदनेनंतर डबा पुन्हा फिरेल.

जयभीम! नमो बुद्धाय!