चार दिशांचे घोडनदी

शिरूरला आमच्या पिढीची माणसे अजूनही घोडनदीच म्हणतात. पुणे–नगर रस्त्यावर, घोड नदीच्या काठी वसलेले हे गाव. इंग्रजी अमदानीत येथे लष्करी छावणी होती. छावणीच्या आसऱ्याने पेठ वाढली आणि मारवाडातून आलेल्या अनेक जैन कुटुंबांनी येथे दुकाने थाटली. आमचे घराणे त्यांपैकीच एक. या गावाकडे कसे पाहावे हे मला शिकवले ते माझ्या थोरल्या काकासांनी.

काकासांना पेढीची गादी कधी मानवली नाही. धान्याचा हंगाम सरला की त्यांचे पाय शिवशिवू लागत. दौंड जंक्शन हे त्यांचे महाद्वार. १८७८ साली दौंड–मनमाड लोहमार्ग झाला आणि मुंबई–सोलापूरच्या वाटेवरचे हे स्थानक उत्तरेकडेही जोडले गेले. त्या फलाटावरून काकासा कोणत्या गाडीत चढतील याचा भरवसा नसे. गिरनारच्या सुमारे दहा हजार पायऱ्या ते तीनदा चढले. सम्मेदशिखरजीची सत्तावीस किलोमीटरांची वंदना त्यांनी अनवाणी केली. एकदा तर राजदूत मोटारसायकलवरून थेट राजस्थानातील पालीला जाऊन आले. परतल्यावर जुन्या रोकडवहीच्या कोऱ्या पानांवर ते आम्हां मुलांना तांबड्या शाईने नकाशे काढून दाखवत.

अशा माणसाने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, चातुर्मासातील एका सकाळी, भर स्थानकात उभे राहून दिशा-परिमाण व्रत घेतले, तेव्हा सभा क्षणभर स्तब्ध झाली. श्रावकाच्या बारा व्रतांतील हे सहावे व्रत. तीन गुणव्रतांतील पहिले. प्रत्येक दिशेला आपण कोठवर जाणार याची सीमा आखायची आणि ती ओलांडायची नाही. सीमेपलीकडचा आपला व्यापार, लोभ आणि आपल्या हातून घडणारी हिंसा या सर्वांना तेथेच विराम मिळतो. काकासांनी सीमा आखल्या त्या अशा : उत्तरेला टाकळी हाजीजवळची कुकडी, पश्चिमेला पाबळ, दक्षिणेला दौंडचा फलाट आणि पूर्वेला घोड–भीमेचा संगम. आगार दोनच ठेवले : आजारपण आणि साधु-साध्वींचे दर्शन.

मी तेव्हा बँकेत नवा होतो. म्हटले, "काकासा, पूर्वेला तुमचे जाणे क्वचितच. तेवढे अंतर पश्चिमेला वळते करा. पुणे तरी हाताशी येईल." ते हसले. "त्याला क्षेत्रवृद्धी म्हणतात, तो अतिचार आहे. व्रताच्या खात्यात वळती नोंद होत नाही."

पुढची बावीस वर्षे काकासा या चौकटीत हिंडले आणि त्यांचे हिंडणे पूर्वीहून सूक्ष्म झाले. कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे पाहायला लोक निघोजला जातात. काकासा आम्हांला अलीकडच्या टाकळीच्या काठावरून ते दाखवत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगरत राहतात आणि काळ्या पाषाणात रांजणासारखे खळगे कोरत जातात, हे त्यांनीच समजावले. वर म्हणत, "वाहून गेलेल्या गोट्याने काही कोरले नाही. एका जागी फिरला तो खोल गेला."

पाबळला पद्ममणी तीर्थात पद्मप्रभूंचे दर्शन झाले की ते मस्तानीच्या कबरीपाशीही थांबत. तेथून पुढे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात शिरत. खेड्यातील मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती हाताने करीत शिकतात, हे त्यांना फार आवडे.

गावातच कर्नल विल्यम वॉलेस याची समाधी आहे. हा इंग्रज अधिकारी १८०९ साली येथे वारला आणि लोकांनी त्याला 'सत्पुरुष' मानले. सुगीला पहिल्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यापुढे ठेवला जाई. ब्राह्मण आणि मारवाडी सोडून बाकी सारे हिंदू त्याला भजतात, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात आहे. ती वाचून काकासा म्हणाले, "पूजा नसेना का, पाहायला काय हरकत?" आणि आम्हांला घेऊन गेले. परक्या मुलखात मरण आलेल्या माणसाला गावाने आपले म्हटले, याचे त्यांना अप्रूप वाटे.

नातीचे लग्न बंगळुरूला ठरले, तेव्हा मात्र घरात वादळ उठले. लग्नाचा आगार व्रतात नव्हता. सर्वांनी विनवले, काहींनी अबोला धरला. काकासांनी वऱ्हाडाला दौंडच्या फलाटावरून निरोप दिला आणि ते गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. लग्नानंतर परतताना नवे जोडपे दौंडलाच उतरले आणि तेथे त्यांच्या पाया पडले.

व्रतामागचे दुसरे कारण आम्हांला काकीसांकडून कळले, तेही काकासा गेल्यावर. ज्या वर्षी काकीसांना अर्धांगवायू झाला, त्याच वर्षी हे व्रत घेतले गेले होते. आमच्या आईला त्या म्हणाल्या, "ते नुसते घरी बसले असते, तर मी रोज स्वतःला दोष दिला असता. त्यांनी धर्माचे नाव पुढे केले आणि मला मोकळे ठेवले." त्यांची श्रद्धा खरी होती, यात मला शंका नाही. पण त्या श्रद्धेने एका आजारी बाईच्या मनावरचे ओझे उचलले, हे मला त्या व्रताचे सर्वांत मोठे फळ वाटते. जग पाहिलेल्या माणसाने बायकोच्या खाटेपासून संध्याकाळपर्यंत परत येता येईल एवढेच जग ठेवले आणि त्याचा उच्चारही केला नाही.

आखलेली सीमा विसरणे हाही या व्रताचा अतिचार मानला आहे. काकासा ती कधी विसरले नाहीत. आम्हीही विसरू नये असे वाटते. म्हणून दिवाळीत मुले-नातवंडे घोडनदीला जमली की त्यांच्या चारांपैकी एका दिशेला आम्ही सारे जातो. गेल्या वर्षी कुकडीचा काठ झाला. यंदा पाळी पूर्वेची, संगमाची आहे.