सफेत्याचं वय

इंग्लंडातल्या बाथ शहरात रॉयल क्रेसेंट ही तीस घरांची अर्धचंद्राकार ओळ आहे, धाकट्या जॉन वुडने 1767 ते 1774 या काळात उभारलेली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या 22 क्रमांकाच्या मालकीणबाईंनी आपलं दार पिवळं रंगवलं. ते पांढरं करा, असा नगरपालिकेचा हुकूम निघाला. बाई हटल्या नाहीत. चौकशी झाली आणि दार पिवळंच राहिलं. हा किस्सा पिवळ्यासाठी सांगितला जातो, पण मला अडतो तो पांढरा. जुन्या घराच्या लाकडी खिडक्यांनाही तोच सुचवला जातो, जणू पांढऱ्याला वय नसतंच.

वय असतं. आज डब्यात मिळणारा लख्ख पांढरा टायटॅनियम डायऑक्साइडचा, म्हणजे विसाव्या शतकातला. अठराव्या शतकातला पांढरा शिशाचा, आपल्याकडे ज्याला सफेता म्हणत तो. शिशाच्या पत्र्याची भेंडोळी मातीच्या भांड्यांत व्हिनेगरवर धरून ठेवायची आणि भांड्यांच्या चळती घोड्याच्या लिदीत पुरायच्या. लिदीच्या उबेने व्हिनेगरची वाफ उठे, ती शिसं खाई. लीद कुजताना सुटणाऱ्या वायूने त्यावर पांढरी खपली धरे. काही महिन्यांनी चळती उपसून ती खपली झाडायची, दळायची, जवसाच्या तेलात घोटायची. ती झाडणाऱ्यांत बायका पुष्कळ असत आणि शिशाचं विष त्यांच्या अंगात भिनत असे. जुन्या रंगाची हळहळ करताना हेही आठवावं. इतक्या खटाटोपातून निघालेला पांढरा मुळातच साईकडे झुकलेला, तेलामुळे आणखी पिवळणारा, आणि पुष्कळदा त्यात काळा किंवा गेरूसारखा मातकट रंग मुद्दाम कालवलेला. बाथच्या मधाळ दगडाशेजारी तो मुरतो. आजचा पांढरा तिथे नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा ओरडतो.

कोणी म्हणेल, त्या लोकांना लख्ख पांढरा मिळता तर त्यांनी तोच लावला असता. लावलाही असता. पण दगड जुनाच आहे, फुंकून केलेल्या काचेतली लाट जुनीच आहे; एकटी चौकट उजळली की बाकी सगळं मळकट दिसू लागतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: खरवडून पाहिलं तर तळाशी पिवळाच निघतो, मग तोच का लावू नये? तर जवसाचं तेल अंधारात पिवळतं. शंभर वर्षं इतर थरांखाली दडलेला रंग उजेडात ठेवला की बराचसा परत उजळतो. शिवाय सर्वांत खालचा थर हा अस्तराचाही असू शकतो. तो करडा निघाला म्हणून घर करडं होतं असं नव्हे. म्हणून खपलीचा उभा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. दोन थरांमध्ये धुळीची रेघ दिसली, तर त्यातला खालचा थर उघड्यावर राहिलेला, लोकांनी पाहिलेला. व्हिक्टोरियन काळातला गडद हिरवा किंवा ओकच्या रेषांचं सोंग घेतलेला तपकिरी सापडला, तर तोही खरा, आणि माझ्या मते पुष्कळ घरांना जास्त शोभणारा. खरवडताना कोरडा पॉलिशपेपर मात्र फिरवू नये. शिशाची धूळ फार वाईट.

पुण्यातल्या वाड्यांना हा हिशेब लागू पडत नाही. सागाला स्वतःचं तेल असतं, त्याला रंगाची गरज बेताचीच. तिथे प्रश्न कोणता रंग द्यावा हा नाही. नंतरच्या भाडेकरूंनी चढवलेला हिरवा ऑइलपेंट उतरवावा की तोही आता वाड्याचाच मानावा, हा आहे. मी ठेवण्याच्या बाजूचा, निदान रस्त्याकडच्या खिडक्यांपुरता.