जमिनीखाली वाट कशी सापडते?

दोस्तांनो, समजा, तुम्हाला जमिनीखालचं एक काल्पनिक जग कागदावर उभं करायचंय. नद्या, दरबार, खजिना... हवं ते घाला त्यात! पण तिथे सूर्य नाही, तारे नाहीत, लांबून दिसणारा देवळाचा कळसही नाही. मग तुमच्या गोष्टीतला नायक घरी परतणार कसा?

उत्तर शोधायला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जाऊ या. तिथली मॅमथ केव्ह ही आजवर मोजलेल्या गुहांमध्ये जगात सर्वांत लांब. तिच्या ६८० किलोमीटरांहून जास्त वाटा मोजून झाल्यात आणि मोजणी अजून चालूच आहे. म्हणजे मुंबई-पुणे अशा चार खेपा, त्याही मिट्ट काळोखात! पाण्यानं चुनखडीचा दगड विरघळून हे बोगदे तयार झाले. बाहेरची नदी खोल उतरत गेली, तसे जुने बोगदे कोरडे पडले आणि खाली नवे झाले. त्यामुळे इथे एकाखाली एक असे मजलेच आहेत. साध्या नकाशात दोन वाटा एकमेकींना छेदताना दिसतात. प्रत्यक्षात एक वर, तर दुसरी कितीतरी खाली!

१८३८ साली स्टीफन बिशप हा गुलाम मुलगा इथे वाटाड्या म्हणून आला. वय जेमतेम सतरा. ‘तळ नसलेला खड्डा’ लागला की लोक मागे फिरत. स्टीफननं तो ओलांडला आणि पलीकडच्या नव्या वाटा शोधल्या. १८४२ साली गुहेपासून दूर बसून, निव्वळ आठवणीतून त्यानं नकाशा काढला. पुढे तो त्याच्या नावानं छापलाही गेला. सगळ्यांना वाट दाखवणारा हा माणूस स्वतःच्या मर्जीनं मात्र कुठेच जाऊ शकत नव्हता. १८५६ साली त्याला स्वातंत्र्य मिळालं आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

आता ९ सप्टेंबर १९७२. शेजारच्या फ्लिंट रिज गुहेतून शिरलेली तुकडी गार पाण्यातून पुढे सरकत होती. एकदम समोर दिसला पर्यटकांसाठी लावलेला कठडा. दोन गुहा एकच निघाल्या! या तुकडीत पॅट्रिशिया क्राउदर होत्या. त्यांचे तेव्हाचे पती विल क्राउदर हेही गुहा मोजणारे आणि कॉम्प्युटरचे जाणकार. काही वर्षांनी त्यांनी आपल्या मुलींसाठी या गुहेवरून ‘अॅडव्हेंचर’ नावाचा खेळ केला. १९७७ साली डॉन वुड्स यांनी त्यात भर घातली. त्यात चित्र एकही नाही, नुसते शब्द! ‘उत्तर’, ‘खाली’ असं टाइप करायचं आणि चालायचं. एका भुलभुलैयात तर सगळ्या खोल्या अगदी सारख्या. युक्ती काय? प्रत्येक खोलीत एकेक वेगळी वस्तू टाकायची, म्हणजे खोली ओळखू येते.

तर मग तुमच्या जगासाठी काय काय हवं?

पहिलं, मोजमाप. उपग्रहाचे संदेश खडकातून आत पोचत नाहीत, बरं का! म्हणून एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत अंतर, दिशा आणि चढ-उतार या तिन्ही गोष्टी लिहा. दुसरं, नाव. प्रत्येक वळणाला, दालनाला लक्षात राहील असं नाव द्या. तिसरं, मागे वळून पाहणं. जाताना दिसलेला फाटा येताना निराळाच दिसतो; म्हणून दोन्ही बाजूंनी खूण सांगा. आणि भिंतीवर नाव कोरायचं नाही हं! पूर्वीच्या प्रवाशांनी मेणबत्तीच्या धुरानं लिहिलेली नावं मॅमथ केव्हमध्ये अजून तशीच आहेत.

चला, पेन्सिल घ्या! नकाशा झाला की मित्राच्या हाती द्या आणि तोंडानं एक अक्षरही सांगू नका. त्याचा नायक घरी पोचला, तरच तुमची योजना पास!