उघड्या डोळ्यांची भूल

टेबलावरचे आजोबा टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे पाहत होते आणि सर्जन माझ्याकडे.

"मॅडम, पेशंट जागा आहे."

"नाहीये. करा सुरू."

पायाची जखम कुजली होती, ती खरवडून साफ करायची होती. चाकू लागला, पाय हलला नाही. बुबुळं तेवढी सावकाश इकडून तिकडे झुलत होती, जत्रेतला पाळणा थांबायच्या आधी झुलतो तशी. श्वास त्यांचा त्यांचाच चालू, नाडी उलट आधीपेक्षा जोरकस. नव्यानं रुजू झालेल्या त्या पोरानं पाच मिनिटांत तीनदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मोठ्या शहरात शिकलेला. तिथं भूल म्हणजे मिटलेले डोळे, घशात नळी आणि शेजारी धापा टाकणारं यंत्र. केटामाइनवरचा माणूस त्यानं पाहिलाच नव्हता.

मी भूलतज्ज्ञ. नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला, त्याच्या थोडं आधीपासून मी या भागात आहे. 'भूल' हा आपला शब्द मला फार आवडतो. चूकभूल द्यावी-घ्यावी यातली भूल तीच, भुलणं-भुलवणं यातलीही तीच, आणि सातपुड्यात संध्याकाळी वाट चुकलेल्या माणसाला चकवा लागतो, तीही एक भूलच. बाकीच्या औषधांना तो शब्द नुसता चिकटवलाय. शोभतो तो केटामाइनला.

अर्ध्या तासानं आजोबा बोलायला लागले. म्हणाले, गावी जाऊन आलो. गाव कुठलं? तर नर्मदेकाठचं. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली जी तेहेतीस गावं सापडली, त्यातलं एक. आता ते पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतात. घर तसंच होतं, म्हणाले, कुडावरची चित्रंसुद्धा. डोक्यावरून बोट चालली होती, तिचं पोट खालून दिसत होतं. बुडाल्याची भीती नाही, काही नाही. सिस्टरनं विचारलं, "बाबा, स्वप्न पडलं का?" त्यांनी मान हलवली. स्वप्न नव्हे, गेलो होतो.

त्याच आठवड्यात, त्याच खाटेवर, तेच औषध घेतलेली एक तरुण बाई किंचाळत जागी झाली. भिंती आपल्या अंगावर येताहेत आणि आपले हात आपले नाहीत, एवढंच ती सांगू शकली. पुढे दोन दिवस ती त्या खोलीत पाऊल ठेवायला तयार नव्हती. नंतर कळलं, ती अर्धवट गुंगीत असताना कुणीतरी स्टीलचा ट्रे दाणकन आपटला होता आणि दारात दोघंजण भांडत होते.

हे औषध झाडापाल्यातून आलेलं नाही. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या पार्क-डेव्हिस कंपनीसाठी केल्विन स्टीव्हन्स या रसायनतज्ज्ञानं ते प्रयोगशाळेत बनवलं. त्याचा थोरला भाऊ म्हणजे फेन्सायक्लिडिन. त्यानं वेदना जायची, पण शुद्धीवर येताना रुग्ण तासन्‌तास भ्रमिष्टासारखे वागायचे, म्हणून तो बाद झाला. केटामाइन त्याचीच सौम्य आणि अल्पायुषी आवृत्ती. १९६४ मध्ये एडवर्ड डॉमिनो आणि ग्युंटर कॉर्सेन यांनी ते पहिल्यांदा माणसांना दिलं, तेही मिशिगनच्या तुरुंगातल्या कैद्यांना. आज कुठलीही समिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही. माणसं जागी वाटतात पण शरीरापासून तुटलेली असतात, या अवस्थेला नाव काय द्यावं हे डॉमिनोंना सुचेना. तो 'तुटलेपणा'चा शब्द त्यांच्या बायकोनं सुचवला आणि पाठ्यपुस्तकांत तोच राहिला.

आत काय होतं ते सोपं करून सांगते. मेंदूतल्या पेशी ग्लुटामेट नावाच्या रसायनातून एकमेकींना निरोप देतात. तो निरोप आत घेणाऱ्या दारांपैकी एका जातीची दारं केटामाइन अडवतं. दार उघडलेलं असतानाच ते उंबऱ्यात फतकल मारून बसतं. डोळ्यांचे, कानांचे, कातडीचे निरोप येत राहतात, पण घरात त्यांची जुळणी करणारं कुणी नसतं. मग मेंदू आपल्या पदरचं काहीतरी रचतो. कुणाला बुडालेलं गाव, कुणाला चालून येणाऱ्या भिंती. शंभरात साधारण बारा जणांना जागं होताना असे भास होतात. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना कमी, तरण्याताठ्यांना जास्त. सोबत मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलं, खोली शांत ठेवली तर प्रमाण उतरतं.

मग असलं औषध वापरायचंच कशाला? कारण मी धडगावला होते आणि वीज गेली होती. गर्भनलिकेत गर्भ राहून ती फुटलेली बाई आली होती. पाड्यावरून रस्त्यापर्यंत बांबूच्या झोळीत, तिथून पुढे जीपमध्ये. रक्तदाब सत्तरच्या खाली. अशा वेळी बहुतेक भुलीची औषधं उरलासुरला रक्तदाबही पाडतात. केटामाइन तो सावरून धरतं, श्वास सहसा थांबवत नाही, दम्याच्या नळ्याही सैल करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे, ते उगाच नाही. ती बाई वाचली. श्रेय एकट्या औषधाचं नाही; टॉर्च धरून उभ्या राहिलेल्या मावशींचंही आहे.

पाश्चात्य वर्तमानपत्रं याला 'घोड्याचं औषध' म्हणतात. हे वाचलं की मला सारंगखेडा आठवतो. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा जो बाजार भरतो, तिथं माझ्या ओळखीचे एक पशुवैद्य हमखास भेटतात. ते म्हणाले, "ताई, नुसतं केटामाइन घोड्याला कुणी शहाणा देत नाही. आधी झायलाझीननं त्याची मान खाली येऊ द्यायची, मग हे. नाहीतर जनावर बिथरतं, स्वतःलाही मोडून घेतं आणि तुम्हालाही." घोड्याच्या बाबतीत जी काळजी रीतसर घेतली जाते, ती पार्टीत हेच नशेसाठी घेणाऱ्या पोरांच्या वाट्याला येत नाही.

केटामाइनच्या नशेचा रुग्ण मला जिल्ह्यात बरीच वर्षं दिसला नव्हता. इथली व्यसनं वेगळी. पहिला आला तो पुण्याहून परत आलेला. शहाद्याकडचा, इंजिनिअरिंगचा मुलगा. दर वीस मिनिटांनी लघवीला पळायचा, रक्त जायचं, ओटीपोटात आग. सहा महिने त्याच्यावर मूतखड्याचे आणि जंतुसंसर्गाचे उपचार झाले, नंतर क्षयाचा संशय. आपल्याकडे तो आधी येणं साहजिकच. लघवीत पू, पण जंतू वाढत नाहीत, हे चित्र क्षयातही दिसतं. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी मला बोलावून मूत्राशय दाखवलं. भिंत जाड, आत मावणार जेमतेम अर्धा कप. आईला बाहेर बसवून मी त्याला विचारलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "पावडर होती मॅडम. ओढायचो. दारूपेक्षा बरी, वास येत नाही."

हा आजार वैद्यकाला तसा उशिरा कळला. २००७ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी असे नऊ रुग्ण एकत्र मांडले, तेव्हा त्याला नाव मिळालं. औषध लघवीवाटे जाताना मूत्राशयाचं अस्तर सोलवटतं. ऑपरेशनपुरतं एकदा घेतलेल्याला याची धास्ती नको. रोज ओढणाऱ्याला आहे. लवकर सोडलं तर बरंच भरून येतं. उशीर झाला तर आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करण्यापर्यंत पाळी येते. यावर काही हुशार रसायनवाल्यांनी तोड काढली. मेथॉक्सेटामाइन नावाचं सावत्र भावंड बनवलं आणि मूत्राशयाला सुरक्षित म्हणून २०१० च्या सुमारास इंटरनेटवर विकायला ठेवलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानंही मूत्राशय खराब झालंच, शिवाय त्याचा अंमल उशिरा चढतो. काही होत नाही म्हणून पोरं दुसरी मात्रा घेतात आणि दोन्ही एकदम चढतात. ब्रिटननं २०१२ मध्ये त्यावर बंदी घातली.

केटामाइन आणि पाणी यांचं मात्र काही वाकडं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'फ्रेंड्स' मालिकेतला मॅथ्यू पेरी लॉस एंजेलिसच्या घरी गरम पाण्याच्या कुंडात मृत सापडला. कारण केटामाइनचा तीव्र परिणाम, जोडीला बुडणं. नैराश्यासाठी तो डॉक्टरांकडे हे औषध घेत होता, पण शेवटच्या दिवशीचं औषध त्या उपचारातलं नव्हतं आणि त्या क्षणी जवळ कुणीही नव्हतं. त्याच्या पाच वर्षं आधी, जुलै २०१८ मध्ये, थायलंडमधल्या पाण्यानं भरलेल्या गुहेतून बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक बाहेर काढले गेले, तेही केटामाइन देऊनच. रिचर्ड हॅरिस हे ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ, आमच्याच जातकुळीतले. त्यांनी मुलांच्या मांडीत इंजेक्शन दिलं, लाळ घशात जाऊ नये म्हणून अ‍ॅट्रोपिन दिलं, तोंडावर मुखवटे चढवले. वाटेत गुंगी उतरायला लागली की पाणबुडेच पुन्हा सुई टोचत. प्रत्येक मुलाला एका पाणबुड्यानं धरून नेलं. सगळी जगली. ही बातमी मी रात्री दोन वाजेपर्यंत जागून वाचली. नवरा म्हणाला, झोप आता, मुलं निघाली बाहेर.

नैराश्यावर याचा उपयोग होतो, हे खरं आहे. अमेरिकेनं २०१९ मध्ये याच्या जुळ्या रेणूचा नाकात मारायचा फवारा मंजूर केला, तोही दवाखान्यात बसूनच घ्यायचा, नंतर किमान दोन तास नजरेखाली थांबायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही. मोठ्या शहरांतून आता अशा जाहिराती येतात. एका सलाईनमध्ये दुःख धुऊन निघेल असा त्यांचा सूर असतो, तो मला पटत नाही. आराम पडतो तो बहुधा थोड्या दिवसांचा, आणि मात्रा वाढवायचा मोह तिथूनच सुरू होतो.

भारतात केटामाइन बनतं आणि चोरवाटेनं जातंही. ऑक्टोबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरकडच्या छाप्यांत कोकेनबरोबर तेही सापडलं. २०११ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्यात आलं, २०१३ मध्ये औषधांच्या 'एक्स' अनुसूचीत. म्हणजे कुलूपबंद कपाट, दोन प्रतींत चिठ्ठी, नोंदवही. हे मला मान्य आहे. मी स्वतः उरलेलं औषध सिस्टरसमोर बेसिनमध्ये ओतते आणि दोघींच्या सह्या होतात. पण कायद्याच्या धाकानं काय होतं तेही पाहिलंय. एका रुग्णालयात 'ती लफडी नकोत' म्हणून भांडारवाल्यानं ते मागवणंच बंद केलं. त्या महिन्यात भाजलेल्या सहा वर्षांच्या मुलीचं ड्रेसिंग चौघांनी हातपाय धरून केलं. तिचा आवाज आवाराच्या फाटकापर्यंत येत होता. २०१५ मध्ये चीननं संयुक्त राष्ट्रांत केटामाइनवर जगभर कडक निर्बंध घालायचा आग्रह धरला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेनं विरोध केला. गरीब देशांतल्या शस्त्रक्रिया बंद पडतील, हे त्यांचं म्हणणं मला त्या फाटकाशी उभं राहून आधीच कळलं होतं.

हल्ली मी एक करते. सुई टोचायच्या आधी ट्रे, मोबाइल, गप्पा सगळं बंद करायला लावते आणि पेशंटला विचारते, कुठं जायचंय? चांगली जागा मनात धरून गेलेला माणूस बहुधा चांगल्या जागेतूनच परत येतो. बायका माहेर म्हणतात. गेल्या थंडीत हात मोडलेला आठ वर्षांचा एक पोरगा म्हणाला, सारंगखेड्याच्या जत्रेत. हाड बसवलं, प्लास्टर झालं, वीस-एक मिनिटांनी त्यानं ओठ चाटले. बुबुळं अजून झुलतच होती.

"बाई," तो म्हणाला, "घोडा कुठं बांधला?"

मी म्हटलं, बाहेर, लिंबाखाली. प्लास्टरच्या हातासकट वळून त्यानं दाराकडे पाहायचा प्रयत्न केला, आणि मावशी खरंच जाऊन बघून आल्या.