दाखल्याऐवजी

मी आज माध्यमिक शाळेत शिकवतो, ते १९९४ साली एका शिक्षकानं माझा शाळा सोडल्याचा दाखला थांबवला म्हणून. सरांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. शाळेचंही लिहीत नाही. तिनं माझ्यावर अन्याय केला होता असं मला आजही वाटत नाही.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात. माझे वडील, अप्पा, हंगामात ट्रॅक्टरनं भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला ऊस ओढायचे. गाळप सुरू झालं की रात्र-रात्र गाड्यांच्या रांगेत असायचे. नववीत एका भांडणात मी वर्गातल्या मुलाला बाकावर ढकललं आणि त्याचा उजवा हात मोडला. त्याआधीच्या तक्रारी होत्याच. मुख्याध्यापकांनी अप्पांना बोलावून सांगितलं, दाखला घेऊन जा.

दाखला हातात पडलेली मुलं कुठं जातात ते आम्ही बघत होतो. कुणी भिगवणच्या माशांच्या हॉटेलांत, कुणी सोलापूर रोडच्या ढाब्यावर, कुणी बारामतीच्या एमआयडीसीत हेल्पर म्हणून. अप्पा मला ट्रॅक्टरवर घेणार होते. मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट सुटलो असंच वाटलं.

इतिहास-भूगोल शिकवणारे सर तेवढ्यात मुख्याध्यापकांकडं गेले आणि म्हणाले, "वर्षअखेरपर्यंत पोरगं माझ्याकडं द्या." मी वर्गात बसायचं नाही अशी अट पडली. सरांनी ती लगेच मान्य केली.

दुसऱ्या दिवसापासून मी ग्रंथालयाच्या खोलीत बसू लागलो. ग्रंथालय म्हणजे तीन कपाटं आणि एक लांब टेबल. रोजचा धडा सर त्या त्या शिक्षकांकडून विचारून यायचे आणि ऑफ तासाला माझं काम तपासायचे. पण मुख्य काम वेगळंच होतं. ज्याचा हात मोडला होता त्याच्या सगळ्या विषयांच्या वह्या मी लिहायच्या आणि संध्याकाळी त्याच्या घरी नेऊन द्यायच्या. पहिल्या संध्याकाळी त्याच्या आईनं वही घेतली आणि एक शब्द न बोलता दार लावलं. सर माझ्याबरोबर होते. "उद्या परत यायचं," एवढंच ते म्हणाले.

मला ही शिक्षा दाखल्यापेक्षा वाईट वाटली. त्यात तो मुलगा हुशार. गणितातली एक पायरी गाळली तरी वही परत पाठवायचा. त्याला कळेल असं लिहायचं तर आधी मला कळायला हवं होतं, आणि तोवर मला शाळेतलं फारसं काही कळत नव्हतं. मी पहिल्यांदा बीजगणित शिकलो ते असं, दुसऱ्याच्या वहीसाठी.

त्याच खोलीत सरांनी मला कर्मवीर भाऊराव पाटलांचं चरित्र वाचायला दिलं. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून विद्यार्थी असताना त्यांना कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमधून काढलं होतं. पुढं त्यांनीच १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह उभं केलं. वाचून मला जरा फुशारकी वाटली असावी. सर म्हणाले, "त्यांना काढलं तो अन्याय होता. तुझ्या बाबतीत अन्याय तू केलायस, हे विसरू नको."

त्या मुलाची आणि माझी मैत्री कधीच झाली नाही. मात्र वार्षिक परीक्षेआधी त्याच्या वडिलांनी स्वतः मुख्याध्यापकांना सांगितलं, या पोराला आता वर्गात बसू द्या.

पुढं दहावी झाली, बारामतीला तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात बी.ए. झालं, बी.एड. झालं आणि बारामती तालुक्यातच नोकरी लागली. तोवर मी सरांना दयाळू माणूस एवढंच समजत होतो. स्वतः वर्ग सांभाळू लागलो तेव्हा त्यांनी काय काय केलं होतं ते कळायला लागलं. माझ्याकडून पुन्हा काही झालं तर जबाबदारी आपली, असं त्यांनी लिहून दिलं होतं. माझ्या घरी यायच्या आधी ते त्या मुलाच्या घरी गेले होते आणि तिथला सगळा राग त्यांनी ऐकून घेतला होता. दवाखान्याचा खर्च अप्पांनी वाहतुकीच्या बिलातून हप्त्यानं फेडावा, हेही त्यांनीच ठरवून दिलं होतं. दाखला लिहायला दहा मिनिटं लागतात. सरांचे वर्षभराचे रिकामे तास नि तास माझ्यावर गेले, आणि त्याची कुठल्या हजेरीपटात नोंद नाही.

पुढं वाचनात आलं की त्याच १९९४ साली अमेरिकेत कायदा झाला. शाळेत बंदूक आणणाऱ्या मुलाला किमान वर्षभर शाळेबाहेर ठेवायचं. हळूहळू तिथल्या बऱ्याच शाळांनी साध्या भांडणांनाही तोच कडकपणा लावला, आणि बाहेर पडलेल्या मुलांसाठी वेगळ्या शाळा नि वेगळे वर्ग काढावे लागले. आमच्याकडं तो वर्ग म्हणजे एक लांब टेबल आणि एक माणूस होता.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्यातलं सोळावं कलम मी सरांना फोनवर वाचून दाखवलं: प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. झालाही असेल, पण त्यांनी विचारलं, "म्हणजे आठवीपर्यंत. नववीचं काय?"

हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता. दंगा करणारं, मागं पडलेलं पोर शाळेला जड होतं ते नववीतच, कारण पुढं बोर्डाचा निकाल असतो. मग पालकांना सुचवलं जातं, दाखला घ्या आणि १७ नंबरचा फॉर्म भरा. ती सोय चांगलीच आहे. शाळा सुटलेल्या कितीतरी कामकरी बायका-पुरुषांनी त्या फॉर्मवर बाहेरून दहावी केली. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला तो फॉर्म परीक्षेपर्यंत नेतो, मधलं वर्षभर त्याला शिकवणारं कुणी नसतं.

सरांच्या त्या प्रश्नानंतर मी आमच्या मुख्याध्यापकांशी बोललो. आता आमच्याकडं वर्तनावरून नववी-दहावीतल्या कुणाला दाखला द्यायचं निघालं, की आधी ते मूल एका सत्रासाठी कुणातरी एका शिक्षकाच्या हवाली होतं. सगळी टिकतात असं नाही. एक मुलगा दिवाळीनंतर आलाच नाही, त्याच्या घरी जाऊनही उपयोग झाला नाही.

सर आता नाहीत. एखाद्या शिक्षकाकडं पहिल्यांदा असं मूल आलं की तो मला विचारतो, सुरुवात कुठून करू? मी त्याला आधी ज्याला लागलंय त्याच्या घरी जायला सांगतो, आणि जमेल तेव्हा त्याच्याबरोबर जातो.